मोटर कधी बंद करायची?



विंगेत शाळेच्या नाटकातले मावळे तलवारी घेऊन ताटकळत उभे आहेत, ते मला इथून दिसतायत. त्यांच्या मिशा घामानं सुटायच्या आत मला आटपायचंय. मुख्याध्यापिका बाईंनी मला बारा मिनिटं दिली आहेत. आमच्या खेळात दहाच मिळतात आणि भोंगा वाजेपर्यंत जो जमिनीवर नसतो त्याचे उतरण्याचे गुण जातात. त्यामुळे घड्याळाची भीती मला आधीपासून आहे.

मघाशी ओळख करून देताना सर म्हणाले, ‘हे विमानांच्या स्पर्धेत भाग घेतात.’ लगेच पुढच्या रांगेतून प्रश्न आला, ‘पायलट आहेत का?’ नाही रे बाबा. मी सॅन डिएगोला कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरतो. शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत माझा नंबर मागून मोजायचे, ते इथल्या जुन्या शिक्षकांना आठवत असेल. मी विमान उडवतो ते जमिनीवर दोन्ही पाय ठेवून, हातात रिमोट धरून. शिवाय आमच्या विमानात इंजिनाला फारशी किंमत नाही. त्याला ग्लायडर म्हणतात. हे टेबलावर ठेवलंय ते त्यातलं सगळ्यात लहान. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मीटर, वजन साधारण अडीचशे ग्रॅम, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीच्या निम्मं. कुणीतरी सकाळपासून त्याच्यावर झेंडूची फुलं ठेवायच्या विचारात आहे. कृपा करून ठेवू नका.

मला हा नाद कुठून लागला ते सांगतो. आमची अंजिराची बाग होती. वडील पहाटे पाट्या टेम्पोत भरून गुलटेकडीला मार्केट यार्डात न्यायचे आणि सुट्टी असली की मला बरोबर घ्यायचे. परत येताना सासवड रस्त्यावर हडपसरचं ग्लायडिंग सेंटर लागतं. तिथं एकदा टेम्पो पंक्चर झाला. वडील आणि ड्रायव्हर चाक बदलत होते. मी कुंपणापलीकडे बघत होतो. एका लांब पंखांच्या विमानाला दूरवरच्या यंत्रानं तारेनं ओढलं, ते पतंगासारखं सरळ वर गेलं, तार सुटून खाली पडली आणि मग आवाजच नाही. वर एक घार फिरत होती. विमान गेलं ते थेट तिच्या खाली आणि तिच्याच दिशेनं गोल फिरायला लागलं. चाक बदलून झालं तरी ते खाली आलं नव्हतं. मी वडिलांना विचारलं, ‘इंजिन नाही तर वर कसं जातं?’ ते म्हणाले, ‘घारीला विचार.’

तेव्हा मला वाटलं, त्यांनी मला वाटेला लावलं. तीस वर्षांनी कळलं की उत्तर तेच होतं.

आता स्पर्धेचं सांगतो. एफएआय ही हवाई खेळांची जागतिक संघटना. तिनं मॉडेल ग्लायडरचे बरेच प्रकार ठरवून दिलेत. मी जो खेळतो त्याला एफ५जे म्हणतात. पंख चार मीटरपर्यंत, बहुतेक सगळा कार्बन फायबरचा, आणि नाकात एक छोटी विजेची मोटर. भोंगा वाजला की आठ-दहा जणांची विमानं एकदम सुटतात. मोटर जास्तीत जास्त तीस सेकंद चालवायची. एकदा बंद केली की पुन्हा चालू केल्यास ती फेरी शून्य. नंतर दहा मिनिटं पुरी होईपर्यंत हवेत राहायचं आणि वेळ संपता संपता जमिनीवर आखून दिलेल्या खुणेवर नाक टेकवायचं.

इथवर सोपं वाटतं. मेख पुढं आहे. विमानात बोटाच्या पेराएवढं एक यंत्र असतं, ते हवेच्या दाबावरून उंची मोजतं. मोटर बंद केल्यावरही दहा सेकंद ते मोजत राहतं, कारण काही लबाड लोक मोटर बंद करून त्याच वेगात आणखी वर उसळी मारतात. तर, हवेत काढलेल्या दर सेकंदाला एक गुण. खुणेपासून एक मीटरच्या आत उतरलात तर पन्नास, पुढं दर मीटरला पाच कमी. आणि मोटरनं जितकी उंची घेतली, तिच्या दर मीटरला अर्धा गुण वजा. दोनशे मीटरच्या वर गेलात तर वरच्या प्रत्येक मीटरला तीन गुण वजा. म्हणजे उंची फुकट मिळत नाही, ती विकत घ्यावी लागते.

गणिताचे सर इथं बसलेत, त्यांच्या देखत हिशेब मांडतो. दोनशे मीटर उंची घेतली तर शंभर गुण गेले, पण डोक्याला ताप नाही. आमचं विमान शांत हवेत सेकंदाला पस्तीस-चाळीस सेंटिमीटर खाली येतं, म्हणजे नुसतं तरंगत राहिलात तरी आठ-नऊ मिनिटं निघतात. साठ मीटरवर मोटर बंद केली तर तीसच गुण गेले, पण शांत हवेत जेमतेम अडीच मिनिटं हातात. उरलेली साडेसात मिनिटं कुठून आणायची? हवेतून. हवा तुम्हाला दिसत नाही. आणि हे सगळं ठरवायला तुमच्याकडे सात-आठ सेकंद असतात, कारण साठ मीटर चढायला तेवढाच वेळ लागतो.

त्या आठ सेकंदांत मैदानावर जे होतं ते ऐकण्यासारखं असतं. आधी दहा मोटरींची एकच भुणभुण, मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी. मग त्यातली एक गप्प होते. दुसरी, तिसरी. आपली अजून चालू असते. ती प्रत्येक गप्प झालेली मोटर आपल्याला वेडावते.

हवा वर कशी जाते हे तुम्ही सातवी-आठवीत शिकलात. नांगरलेली काळी जमीन उन्हात लवकर तापते, बाग किंवा उसाचा फड उशिरा. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होते, बुडबुड्यासारखी सुटते आणि वाऱ्याबरोबर तिरकी वाहत वर जाते. आपण तिला थर्मल म्हणतो. धूळ-पाचोळा उडाला की तिलाच आपण वावटळ म्हणतो आणि लहानपणी त्यात भूत असतं असं सांगतो. त्या भुताच्या मागं मी आता पैसे खर्चून विमान सोडतो. थर्मलच्या आजूबाजूची हवा खाली येत असते, त्यामुळे चुकीच्या बाजूला वळलात तर दुप्पट वेगानं बुडता.

ती ओळखायची कशी? वर जाताना थर्मल खालची हवा चहूकडून ओढते, म्हणून ती जवळ आली की वाऱ्याची दिशा बिघडते. मानेवर लागणारी झुळूक अचानक थांबते किंवा गालावर येते. भिंगऱ्या आणि पाकोळ्या एकाच जागी गर्दी करतात, कारण हवेबरोबर किडे वर गेलेले असतात. म्हातारीची पिसं जमिनीला समांतर न जाता वर जातात. आणि घार असतेच. आमच्या कॅलिफोर्नियात घारीच्या जागी लाल शेपटीचा एक शिकारी पक्षी आणि गिधाडं. ती पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून डुलत फिरतात आणि त्यांची चूक मी फार कमी वेळा पाहिली आहे.

पण विमानावरची नजर न काढता हे सगळं एका माणसानं बघणं शक्य नाही. म्हणून नियमात प्रत्येक खेळाडूला एक मदतनीस मिळतो. माझा मदतनीस म्हणजे आमच्या क्लबमधला एक निवृत्त गृहस्थ. शाळेची बस चालवायचे. हात कापायला लागले म्हणून त्यांनी स्वतः उडवणं सोडलं. पहिल्यांदा आम्ही एकत्र उभे राहिलो तेव्हा ते चक्क माझ्या विमानाकडे पाठ करून उभे. हातात काठी, काठीला रेशमासारखी पातळ फीत. मी चिडून म्हटलं, ‘अहो, विमान तिकडे आहे!’ ते म्हणाले, ‘तुझं विमान तू बघतोयस ना? मग मी कशाला बघू?’

विसेलिया म्हणून गाव आहे, कॅलिफोर्नियाच्या मोठ्या खोऱ्यात. भोवती संत्र्यांच्या बागा, पूर्वेला सिएरा नेवाडाचे डोंगर. तिथल्या एका ऑक्टोबरातल्या स्पर्धेत भोंगा वाजला, मी विमान सोडलं. पन्नास-पंचावन्न मीटरवर म्हातारबा म्हणाले, ‘डावीकडे, बागेच्या कडेला. बंद कर.’ मी बघितलं तर बाकीच्या बहुतेक मोटरी चालू. म्हटलं, एवढे सगळे मूर्ख आहेत का? १४० मीटरपर्यंत गेलो. ५९९ सेकंद उडालो, खुणेवर उतरलो. ५९९ अधिक ५०, वजा ७०. गुण ५७९. मी खुशीत. एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनं मात्र ४१ मीटरवर मोटर बंद करून सरळ बागेच्या कडेला विमान नेलं होतं. तीही ५९९ सेकंद उडाली, तीही खुणेवर उतरली. तिचे साडेवीसच गेले. गुण ६२८.५. गटात पहिला येतो त्याला हजार धरतात आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. मला मिळाले ९२१. एकही चूक न करता.

मला त्याचा राग आला. पुढच्या फेरीत कुणाचं न ऐकता ३८ मीटरवर मोटर बंद केली. बघा म्हटलं, मी किती धाडसी. एकशे बाराव्या सेकंदाला विमान गवतात. खुणेवर उतरलो म्हणून पन्नास तरी मिळाले. हजारातले २३८. म्हातारबा काही बोलले नाहीत, नुसती काठीवरची फीत गुंडाळत राहिले. त्या वेळी ते बोलले असते तर बरं झालं असतं. परत येताना गाडीत तीनशे मैल आम्ही हवेबद्दल सोडून सगळ्यावर बोललो.

इंजिन सोडून हवेवर भरवसा ठेवायला माणूस शिकला कसा, याची एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाची विमानं बनवण्याबाबत कडक बंधनं आली. तिथली विमानवेडी पोरं व्हासरकुपे नावाच्या डोंगरावर जमली आणि १९२० साली त्यांनी बिनइंजिनाच्या विमानांची स्पर्धा घेतली. त्यातलं सगळ्यात लांबचं उड्डाण अडीच मिनिटांच्या आतलं होतं. दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, त्याच डोंगरावर एक जण तीन तासांहून जास्त वेळ वर राहिला. डोंगराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर. पावसाळ्याच्या तोंडावर दिवे घाटाच्या कठड्यावर उभे राहिलात तर टोपी उडवणारा वारा असाच खालून वर येतो. सॅन डिएगोला टोरी पाइन्सच्या कड्यावर समुद्राच्या अशाच वाऱ्यावर मी रविवारी विमान उडवतो.

आणि मुलांना वेग आवडतो म्हणून एवढं सांगतो. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, जिथं वारा अडतो, तिथं खाली हवा जवळजवळ शांत असते आणि माथ्याच्या वर वारा जोरात. त्या दोन थरांमधून विमान पुन्हा पुन्हा आरपार नेलं की प्रत्येक फेरीला वेग वाढत जातो. समुद्रावरचा अल्बाट्रॉस पक्षी याच युक्तीनं पंख न हलवता लांबच लांब जातो. २०२१ च्या जानेवारीत स्पेन्सर लिसेनबी या गृहस्थांनी कॅलिफोर्नियाच्या एका डोंगरावर असं ग्लायडर ताशी ८८२ किलोमीटर वेगानं नेलं. त्यात मोटर नाही. तुम्ही ज्या विमानानं दिल्लीला जाता त्याच्या वेगाच्या आसपास. मी ते करत नाही, माझी छाती नाही.

पालक मघापासून खर्चाचा विचार करतायत हे मला दिसतंय. खरं सांगतो, स्पर्धेचं कार्बनचं विमान दीड-दोन लाखांना पडतं आणि ते घेऊ नका. सुरुवात बाल्साच्या लाकडानं करा, नाहीतर थर्माकोलच्या शीटनं, हातानं फेकायच्या विमानानं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये विमानांची मॉडेलं बनवणं आणि उडवणं शिकवतात, अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. पण पहिलं विमान तुमचं तुम्ही बनवा. ते वाकडं जाईल. मग नाकाला एक रुपयाचं नाणं चिकटवा, सरळ जाईल. नाणं मागं-पुढं सरकवत बसण्यात माझी एक अख्खी दिवाळी गेली होती आणि तेवढं विज्ञान मला कुठल्या वर्गात कळलं नाही. सर, माफ करा.

आता या टेबलावरच्या विमानाबद्दल. याला मोटरच नाही. पंखाच्या टोकाला ही खुंटी दिसते ना, तिला दोन बोटांनी धरायचं आणि थाळीफेक करतात तसं अंगाभोवती गरकन फिरून सोडायचं. चांगला खेळाडू असेल तर पन्नास-साठ मीटर वर जातं. याच्या एका स्पर्धेत सगळे एकाच वेळी फेकतात आणि जो सगळ्यात शेवटी उतरेल तो जिंकतो. माझं चाळीस मीटर जातं, खांदा आता पन्नाशीचा झालाय.

उद्या शाळेला सुट्टी आहे. मी साडेदहाला, ऊन जरा तापलं की, मागच्या पटांगणावर येणार आहे. मला चार मुलं हवी आहेत. विमान उडवायला नव्हे, ते मी उडवेन. एकानं नांगरलेल्या रानाकडे तोंड करून उभं राहायचं, एकानं काठीवरच्या फितीकडे बघायचं, एकानं घारी मोजायच्या आणि एकानं डोळे मिटून मानेवरचा वारा सांगायचा. अट एकच, माझ्या विमानाकडे कुणी बघायचं नाही. जमेल असं वाटत असेल त्यांनी नाटक संपल्यावर मला भेटा.

मावळ्यांनो, या आता. मिशा सांभाळून.