ज्यांनी सूर घरात राखला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी आयर्लंडच्या संगीताविषयी आणि नाचाविषयी चार शब्द सांगणार आहे. इतक्या दूरच्या देशाचे आपल्याला काय, असे कुणाच्या मनात येईल. पण थोडे नाते आहे. अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली ती आपल्या पुण्यात, १९२७ च्या जानेवारीत. त्यासाठी पत्रे धाडून ठिकठिकाणच्या बायकांना जिने जागे केले, ती मार्गारेट कझिन्स आयर्लंडची. ती संगीताची पदवीधर होती. १९१९ साली रवींद्रनाथ मदनपल्लीला आले, तेव्हा ‘जन गण मन’ची चाल स्वरांत लिहून ठेवण्यात तिचा हात होता.

तिच्या देशाचे खास वाद्य म्हणजे इलन पाइप्स. लष्कराच्या बँडमधली मशक आपण पाहिली आहे. ती तोंडाने फुंकतात व उभ्याने वाजवतात. ही मशक बसून वाजवायची. उजव्या कोपराखाली भाता आणि डाव्या बगलेत पिशवी. कोपराने भाता चालवून पिशवीत हवा भरायची, बोटांनी चाल वाजवायची, तीन नळ्या सतत एकच सूर धरून राहतात आणि आणखी तीन नळ्यांच्या पट्ट्या मनगटाने दाबायच्या. चांगला वादक व्हायला एकवीस वर्षे लागतात, असे तिथे म्हणतात. सात शिकण्याची, सात सरावाची आणि सात वाजवण्याची! आवाज बेताचा, म्हणून ती घरात शोभते.

आणि घर हेच या संगीताचे खरे ठिकाण होते. खेड्यातल्या स्वयंपाकघरात सामान भिंतीशी सारायचे, शेजारीपाजारी जमायचे, एकाने वाजवायचे आणि बाकीच्यांनी नाचायचे. रील आणि जिग हे त्या नाचांचे ठेके. पण १९३५ साली सार्वजनिक नाचाला परवाना हवा, असा कायदा झाला. पाद्री आणि पोलीस यांनी त्याचा धाक घरातल्या नाचांनाही घातला. त्यात गरिबीमुळे तरुण माणसे देश सोडून जात होती. नाचायला माणूस नाही, तर वाजवायचे कुणासाठी?

तरी काहीजणांनी ते सोडले नाही. फ्रान्सिस ओनील हे शिकागोला पोलिसांचे मुख्य अधिकारी होते. त्यांनी तिथल्या आयरिश लोकांकडून चाली गोळा केल्या आणि १९०३ साली १८५० चालींचे पुस्तक काढले. शेमस एनिस हे स्वतः पाइप्स वाजवणारे. १९४२ पासून ते गावोगाव फिरून गाणी व चाली उतरवून घेऊ लागले.

आता बायकांकडे येते. क्लेअर परगण्यात कॉन्सर्टिना नावाची सहा कोनांची, हातात मावणारी पेटी असते. ती तिथे बायकांचे वाद्य समजली जाई. किलरश गावी मिसेस क्रॉटी नावाच्या बाई पतीबरोबर दारूचे दुकान चालवीत आणि कॉन्सर्टिना वाजवीत. १८८५ साली जन्मलेल्या या बाईंचे वादन रेडिओवाल्यांनी ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्या साठीच्या पलीकडे होत्या. १९६० साली त्या वारल्या, पण त्यांचे वादन आजही ऐकता येते. ज्युलिया क्लिफर्ड पोटासाठी लंडनला गेली आणि आपल्या गावच्या चाली तिथल्या नाचघरांत सारंगीसारख्या फिडलवर वाजवीत राहिली.

पुढे दिवस पालटले. पाइप्स वाजवणारे शंभराच्या आत उरले, तेव्हा १९६८ साली त्यांनी आपली संस्था काढली. पॅडी मोलोनी यांनी ‘चीफटन्स’ मंडळींबरोबर आणि लियम ओफ्लिन यांनी ‘प्लँक्स्टी’बरोबर हे वाद्य मोठ्या रंगमंचावर नेले. २०१७ साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या वारशात घेतली. नाचाचेही तसेच. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनला एका गाण्याच्या स्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ म्हणून सात मिनिटांचा नाच झाला. अंग ताठ, हात खाली आणि पाय मात्र विजेसारखे! पुढे नाचणारे जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटली, दोघेही अमेरिकेत जन्मलेले. देश सोडून गेलेल्यांच्या मुलांनीच तो नाच परत आणून जगाला दाखवला. ते घडवून आणणारी निर्माती मोया डोहर्टी ही एक बाईच.

आज लुईज मल्काही नावाची बाई पाइप्स उत्तम वाजवते, आणि पूर्वीच्या कोणकोणत्या बायका पाइप्स वाजवीत, त्याचा ती शोध घेत असते. हा शोध घ्यावा लागतो, इथेच माझे मन अडते. पुष्कळ बायका वाजवीत होत्या, पण त्यांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत. मिसेस क्रॉटींच्या दारी यंत्र घेऊन माणूस आला म्हणून त्या राहिल्या. जिच्या दारी कुणी गेले नाही, तिची चाल तिच्याबरोबर गेली.

भगिनींनो, आपल्या आळीतही जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, पाळणे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायका आहेत. त्या आपणहून सांगायला येणार नाहीत. आपणच जायला हवे. येत्या वर्षी प्रत्येकीने एका आजींकडे बसून निदान पाच गाणी वहीत उतरवावीत, फोनवर चाल धरून ठेवावी, आणि वर आजींचे पूर्ण नाव लिहावे. नुसते ‘पारंपरिक’ लिहून भागवू नये. पुढच्या वर्धापनदिनी ती वही या टेबलावर असावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.