पोटदुखीची कैफियत



बक्षीससमारंभात पाहुण्याने यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, असा रिवाज आहे. ते मी अंतःकरणपूर्वक करतो, परंतु ज्यांची नावे आज पुकारली जाणार नाहीत, त्यांच्यापैकी काहींविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो. या काहींच्या मेंदूचे काम इतरांहून वेगळ्या रीतीने चालते; माणसामाणसांच्या मेंदूची घडण मुळातच निरनिराळी असते, या जाणिवेला आता न्यूरोडायव्हर्सिटी म्हणतात.

आपल्या या वाकोल्याच्या डोक्यावरून विमान गेले म्हणजे आपण क्षणभर थांबतो आणि पुढे बोलू लागतो. पण एखाद्या स्वमग्न मुलाला तो आवाज तसा बाजूस सारता येत नाही, आणि महामार्गावरचे भोंगे, वर्गातला गलबला, हा ध्वनिक्षेपक, या साऱ्यांचा भार दिवसभर सोसून ते घरी आल्यावर जो आकांत करते, त्याला आपण हट्ट म्हणतो. अशा मुलांत निद्रानाश, पचनाच्या तक्रारी आणि अपस्मार इतरांहून अधिक आढळतात. तरीही न बोलणाऱ्या मुलाची दाढ ठणकत असताना 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून आपण मोकळे होतो, हा मला घोर अन्याय वाटतो.

आता चौथीतली एखादी मुलगी पाहा; तिची अडचण वाचनाची. प्रकट वाचनाची पाळी जवळ येऊ लागली की ती पुढची बाके मोजून आपल्या वाट्याचा परिच्छेद हेरते, तिचे तळहात घामेजतात, 'घ' आणि 'ध' एकमेकांत मिसळतात. आणि पुढे दर सोमवारी सकाळी तिचे पोट दुखू लागते. तपासणीत काही निघत नाही, म्हणून घरी तिच्यावर बहाण्याचा आरोप येतो. वस्तुतः मेंदू आणि आतडी यांचा व्यवहार मज्जातंतूंमार्फत अहोरात्र चालू असल्यामुळे भीतीने उठलेली कळ ही खरीच कळ असते. वर्षानुवर्षे 'आळशी' म्हणवून घेतलेल्या मुलाला पुढे चिंता आणि नैराश्य ग्रासू शकते, त्यात आपल्या जिभेचा वाटा मोठा आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (अशी वाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, तिच्यातच मोडते) या दोहोंचा समावेश आहे. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 पासून मुंबईत कार्यरत आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होऊन अशा अक्षमतेचा दाखला मिळतो, आणि तो जोडून अर्ज केल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. तरी कमीपणाच्या धास्तीने पुष्कळ पालक दहावी तोंडावर येईपर्यंत थांबतात. म्हणून, मुख्याध्यापिकाबाई, माझी विनंती अशी की, ही माहिती चौथीच्या पालकसभेतच द्यावी, आणि दाखला हाती येईपर्यंतही त्या मुलीला मोठ्याने वाचायला उभे करण्यापूर्वी तिची तयारी आहे का, एवढे विचारावे.