थोड्या पैशांतले खेळ



दिवाळीच्या सुट्टीत शहरातून भाचा आला, तो पिशवीत कपड्यांपेक्षा तारा जास्त घेऊन. टीव्हीला जोडायचे प्लेस्टेशन नावाचे खेळाचे यंत्र त्याने बरोबर आणले होते. पहिल्याच संध्याकाळी त्याने हळूच विषय काढला, "मामा, एक नवा खेळ घ्यायचाय. पाच हजारांच्या आत येईल." पाच हजार! एक क्विंटल सोयाबीन आडतीवर घालून जे हाती पडते, ते एका खेळापायी द्यायचे? मी नाही म्हणालो. पण नुसते नाही म्हटल्याने मूल गप्प बसत नाही, हे गुरुजनांना मी सांगायला नको. मग आम्ही दोघांनी मिळून स्वस्तातले खेळ शोधले. त्या शोधात जे सापडले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पूर्वी खेळ तबकडीवर मिळत. आजही मिळतात, पण आता यंत्रातच दुकान असते, आणि पैसे भरले की खेळ इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरतो. तबकडी नको, खोके नको, वाहतूक नको. यातून एक चांगली गोष्ट झाली. ज्यांच्या पाठीशी मोठे भांडवल नाही, अशा दोघा-चौघांनाही आपला खेळ जगभर विकता येऊ लागला. स्वस्त खेळ म्हणजे टाकाऊ माल, अशी माझी समजूत होती. ती पार चुकीची निघाली. तो थोड्या माणसांनी केलेला असतो, म्हणून स्वस्त असतो.

याचा उत्तम दाखला म्हणजे 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चारएक वर्षे खपून तो एकट्याने तयार केला. चित्रे त्याची, संगीतही त्याचेच. २०१६ साली तो बाहेर आला. तिकडे मोठे खेळ साठ-सत्तर डॉलरला विकले जातात. याची किंमत पंधरा डॉलर.

आणि हा खेळ कशाचा, तर शेतीचा! आजोबांनी ठेवलेली पडीक जमीन नातवाच्या वाट्याला येते. दगड-धोंडे वेचायचे, झुडपे तोडायची, जमीन खणायची, बी टाकायचे आणि रोज झारीने पाणी घालायचे. पाऊस पडला की त्या दिवशी पाण्यातून सुटका. ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. तो पालटला की मागल्या ऋतूचे पीक वाळून जाते. तेव्हा पेरण्यापूर्वी दिवस मोजावेच लागतात. पहिल्या आठवड्यात भाच्याने हिशेब केला नाही आणि पुढे महिनाअखेरीस अर्धे रान हातचे गेले. दुसऱ्या खेपेला तो वही घेऊन बसला. गणिताच्या गुरुजींनी हे जरूर पाहावे.

आता शेतकरी म्हणून एक बोलतो. त्या गावात माल दाराशी पेटीत टाकायचा, सकाळी पैसे हजर! आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, आणि भाव कधी पडत नाही. असले रान कुठे आहे, मला तरी दाखवा. पण माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, त्यात इतकी रमली, की जेवायला वाढताना विचारी, "पाणी घातलंस का रे आज?" एक सावधगिरी सांगून ठेवतो. या खेळात गावचा दारूचा गुत्ताही आहे. लहान मूल असेल, तर शेजारी बसावे. शिवाय तो मराठीत नाही. इंग्रजी वाचावे लागते. पण वाक्ये सोपी आहेत.

भाषेची अडचणच नको असेल, तर 'जर्नी' घ्या. हा २०१२ सालचा. एक प्रवासी वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे निघतो, एवढीच गोष्ट. त्यात एक शब्द बोलला जात नाही. वाटेत दुसरा खरा खेळाडू भेटतो. तो जपानमधला असेल, ब्राझीलमधला असेल. बोलायची सोय नाही, फक्त एक सूर काढून साद घालता येते. दोन-तीन तासांत संपतो. इतक्यात संपतो म्हणून भाचा कुरकुरला. मला मात्र तेच आवडले.

'वेन्बा' हा २०२३ सालचा खेळ कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा. आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही. तिच्यातले पुसलेले शब्द ताडून इडली, डोसा करायचा. मुलगा घरची भाषा विसरत चालला आहे, ही त्यातली खरी कळ. आणि आपल्या पुण्यातल्या मंडळींनी केलेला 'राजी' २०२० साली आला. धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी तो पुरा केला. लढाई थोडी अडखळते, पण तटबंद्या आणि महाल पाहत राहावे असे.

'फुकट' खेळांपासून मात्र जपा. आत शिरल्यावर कपडे घ्या, हत्यारे घ्या, असे पैसे मागत राहतात आणि दर महिन्याला बिल फुगते. यंत्रात खरेदीला परवलीचा शब्द लावता येतो. तो वडीलधाऱ्यांनी लावावा, आणि मुलाला सांगू नये! वर्षातून बऱ्याचदा सवलत लागते, तेव्हा हेच खेळ निम्म्या किमतीतही मिळतात. घाई करू नये. घरी यंत्र नसेल, तर एवढ्यासाठी विकत घेऊ नका. 'स्टारड्यू व्हॅली' साध्या संगणकावर आणि मोबाईलवरही चालतो.

शेवटची गोष्ट भाच्याला पटायला वेळ लागला. असा खेळ वाचून झालेल्या पुस्तकासारखा मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. आणि दुकानही कायमचे नसते. निन्टेन्डो कंपनीने 'वी' यंत्राचे दुकान २०१९ च्या जानेवारीत बंद केले, पुढच्या दोन यंत्रांवरची विक्री २०२३ च्या मार्चमध्ये थांबवली. २०२४ च्या जुलैमध्ये 'एक्सबॉक्स ३६०'चे दुकान मिटले. सोनीनेही २०२१ साली प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याचे जाहीर केले होते. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर तो बेत मागे घेतला. तेव्हा घेतलेला खेळ यंत्रात उतरवून ठेवावा, जागेसाठी पुसू नये. भाच्याने चारही खेळ उतरवून घेतले आणि त्यांची नावे त्याच हिशेबाच्या वहीत मागल्या पानावर लिहून ठेवली.