रंग सुधारा, माणूस नको

देवनहळ्ळीहून बोलतोय. इथली माती तांबडी. डोळ्याला छान दिसते, पण कॅमेऱ्याला छळते. व्हिडिओतला एकच रंग वेगळा काढून कसा सुधारायचा, हा आजचा विषय आहे. त्यात मी केलेल्या दोन चुकाही सांगतो.

माझ्याबरोबर नोकरी केलेले एक सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, इथे मुलाकडे राहायचे. त्यांच्या आठवणी मी मोबाईलवर टिपल्या. अंगणात खुर्ची, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर मराठा लाइट इन्फंट्रीचा हिरवा-लाल तुरा लावलेली टोपी. ऊन मातीवर आपटून खालून चेहऱ्यावर येत होतं, त्यामुळे गाल आणि हनुवटी विटकरी दिसत होती. म्हटलं, पुढच्या वेळी सावलीत घेऊ. दोन महिन्यांत सुभेदार गेले. आता हातात होतं तेवढंच.

पहिली चूक : मी सगळ्या चित्रातला तांबडेपणा कमी केला. गाल सुधारले, पण सदरा निळसर झाला आणि तुऱ्यातला लाल मेला. पलटणीच्या माणसाला हे कसं चालेल?

मग नीट क्रमाने गेलो. मी दा विंची रिझॉल्व्ह वापरतो. त्याची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. आधी पूर्ण चित्राचा उजेड आणि पांढरा रंग ठीक केला. त्यानंतर क्वालिफायर घेऊन गालावर क्लिक केलं. हे साधन रंगछटा, गडदपणा आणि उजेड या तीन गोष्टी पाहून तेवढाच भाग निवडतं. हायलाइट चालू केलं की काय निवडलं गेलंय ते दिसतं. मला काय दिसलं? गालाबरोबर तुरा आणि अंगणही निवडलं गेलं होतं!

म्हणून चेहऱ्याभोवती विंडो, म्हणजे एक लंबगोल, आखला आणि त्याची कड मऊ केली. सुभेदार बोलताना मान हलवायचे, म्हणून ट्रॅकर लावला. लंबगोल चेहऱ्यामागे सरकू लागला. आता विंडोच्या आतली आणि क्वालिफायरने निवडलेली, एवढीच जागा बदलणार होती.

किती बदलायचं, ते व्हेक्टरस्कोप सांगतो. त्यावर त्वचेची एक रेषा असते. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेची छटा साधारण त्याच रेषेजवळ येते, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं सारखंच. छटा रेषेकडे आणा आणि थांबा. मोबाईलच्या व्हिडिओत बहुधा चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते. जास्त ओढलंत तर कडा फाटतात.

दुसरी चूक मी इथेच केली. थांबलो नाही. हात बसला होता, म्हणून चेहरा थोडा उजळला, सुरकुत्या मऊ केल्या. व्हिडिओ साताऱ्याला त्यांच्या मुलीला पाठवला. तिचा फोन आला, "काका, आप्पा इतके गोरे कधी होते?" थोडं थांबून म्हणाली, "हे आमचे आप्पा वाटत नाहीत."

मंडळी, 1933 साली प्रभातने 'सैरंध्री' रंगीत केला. रंगाची प्रक्रिया जर्मनीत झाली आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. 2000 साली 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटात रॉजर डीकिन्स यांनी मिसिसिपीची हिरवीगार झाडी संगणकावर सुकी, पिवळी करून दाखवली. गोष्टीच्या सिनेमात ते शोभतं. पण माणसाची आठवण जपताना आपला अधिकार तेवढा मोठा नाही. मातीने चेहऱ्यावर टाकलेला रंग काढायचा. उन्हातान्हात तीस वर्षांच्या नोकरीने दिलेला रंग त्या माणसाचा असतो.

मी उजळपणा आणि मऊपणा दोन्ही काढून टाकले, फक्त छटेची दुरुस्ती ठेवली आणि व्हिडिओ पुन्हा पाठवला. या वेळी फोन आला नाही, एक निरोप आला : "आईने दोनदा पाहिला."

तुम्हीही घरच्या एखाद्या जुन्या व्हिडिओवर हे करून पाहा. मूळ फाईल मात्र जपून ठेवा. आणि घरातलं मोठं माणूस सावलीत बसलं असेल, तर आजच टिपून घ्या. जय हिंद.