उजेड पायापुरता



कोकणातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना त्यांनी इथे पाहिली आणि त्या विषाचा पिच्छाच पुरवला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने हे मृत्यू टाळता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बागेतल्या दिव्यांबद्दल बोलताना मला हे आधी सांगावंसं वाटलं. आपल्याकडे गडग्याच्या फटीत, लाकूडफाट्याखाली विंचू असतो, पालापाचोळ्यात फुरसं असतं. म्हणून दिवा हवा तो पाऊल पडतं तिथे: पायरीवर, विहिरीच्या वाटेवर, न्हाणीच्या दाराशी.

हल्ली मात्र आंब्याच्या बुंध्याशी पांढराफटक फ्लडलाइट लावतात, तोंड आभाळाकडे. त्याने झाड उजळतं, वाट काळोखातच राहते. शिवाय त्या झोतावर किडे जमतात, किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. दाराच्या अगदी डोक्यावर प्रखर दिवा नको, तो याचसाठी. गुडघ्याएवढ्या उंचीवर, वर झाकण असलेला, खाली उजेड टाकणारा तीन ते पाच वॉटचा पिवळसर एलईडी पुरतो. खोक्यावर २७०० केल्व्हिन लिहिलेलं बघून घ्या. पिवळ्या उजेडाकडे किडे कमी येतात.

परसातला बाकीचा काळोख तसाच राहू द्या. मृगाच्या तोंडावर काजवे आपल्या जोडीदाराला खुणावतात ते याच काळोखात. झगझगीत दिव्यापुढे ती खूण हरवते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान मिळाला. काळोखही जपायची गोष्ट आहे.

आपल्या पावसात सौर दिव्यांवर विसंबू नका, जुलैत ते नीट चार्ज होत नाहीत. दिवा आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा घ्या, वायर पाइपातून न्या, अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय बाहेर वीज नेऊ नका. हे काम मे महिन्यातच उरकून घ्या.

आणि दिवे असले तरी रात्री पायात चप्पल, हातात बॅटरी हवीच. दंश झालाच, तर मंत्रतंत्रात वेळ न दवडता तडक आरोग्य केंद्र गाठा.