समभार गोणी, एकच मुक्काम



रामनवमीस पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांच्या समाधिदर्शनास बंजारा बांधवांची रीघ लागते. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेत. दोन्ही बाजूंच्या गोण्या समभार नसल्यास बैल थके. मुक्काम निश्चित नसल्यास तांडा भरकटे. मनुष्याचें जीवितही तसेंच होय.

आपल्या ख्रिस्तसभेंतील उदाहरण पाहा. १५७९ सालीं गोव्यास आलेले येशूसंघीय फादर स्टीफन्स यांनीं धर्मोपदेश केला, कोंकणीचें व्याकरण रचिलें आणि मराठी ओवींत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. कार्यें अनेक, मुक्काम एकच, परमेश्वराचा गौरव.

आज पोटाच्या उद्योगानें आपली एक गोणी फार जड झाली आहे. वाचन, गायन, मुलांशीं संभाषण व शेजाऱ्याची सेवा यांनीं दुसरी भरा. आणि प्रार्थनेंत प्रभूला वाट विचारीत चला.