नाट्यमन्वंतर : एका अल्पायुषी संस्थेची कहाणी

पुणें जिल्ह्यांतील मुळशीचें नांव महाराष्ट्रास दोन कारणांनीं ठाऊक आहे. एक, सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ सालीं तेथील मावळ्यांनीं आरंभिलेला सत्याग्रह. आणि दुसरें, ज्या धरणाविरुद्ध तो सत्याग्रह झाला त्या धरणाची वीज. मुळशीचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून खालीं कोंकणांत भिऱ्याच्या वीजघरावर पडतें, आणि १९२७ सालापासून तेथील वीज मुंबईकडे वाहूं लागली. सत्याग्रह हरला, गांवें पाण्याखालीं गेलीं. परंतु शंभर वर्षांनंतरहि त्या लढ्याचें नांव पुसलें गेलेलें नाहीं. अल्पकाळ टिकलेल्या व वरवर पाहतां हरलेल्या गोष्टींचा हिशेब केवळ वर्षांच्या मापानें करतां येत नाहीं, हें सांगण्यास एवढें उदाहरण पुरे आहे. आजच्या भाषणाचा विषय अशीच एक गोष्ट आहे. ती मात्र मावळांतली नसून त्या विजेनें उजळलेल्या मुंबईंतली आहे.

१८८० सालीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून मराठी संगीत नाटकाचा संसार पन्नास वर्षें थाटांत चालला होता. नाटक रात्रीं सुरू व्हावें, पदामागून पद यावें, प्रेक्षकांनीं 'वन्समोअर'चा घोष करावा आणि घरीं परततांना पहांट व्हावी, असा तो काळ होता. बालगंधर्वांसारख्या अलौकिक नटानें स्त्रीभूमिकेस जें सौंदर्य दिलें, त्यानें पुरुषानें स्त्री होण्यांत कांहीं विसंगति आहे हेंच लोक विसरून गेले. परंतु १९३१ सालीं 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट आला, १९३२ मध्यें प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि थोड्या आण्यांत, थोड्या वेळांत गाणें व गोष्ट दोन्ही मिळूं लागलीं. मोठमोठ्या नाटक मंडळ्या कर्जांत बुडूं लागल्या. मराठी नाटक आतां संपलें, अशी भाषा ऐकूं येऊं लागली.

नेमक्या याच पडत्या काळांत, १९३३ सालीं, मुंबईंतील कांहीं सुशिक्षित तरुणांनीं 'नाट्यमन्वंतर' या नांवाची संस्था काढली. श्रीधर विनायक वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर आणि संगीताकरितां केशवराव भोळे अशी ही मंडळी होती. मन्वंतर म्हणजे एका मनूचा काळ संपून दुसऱ्याचा सुरू होणें. नांवांतच प्रतिज्ञा होती, आणि थोडी बढाईहि होती असें कोणी म्हटल्यास तें अगदींच खोटें ठरणार नाहीं.

१ जुलै १९३३ रोजीं या संस्थेनें वर्तकांचें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आणलें. मूळ कल्पना ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराची. १९०३ चें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या लेखकाचें तें नाटक १८८३ मधलें. त्यांतील प्रश्न साधा, पण बोंचणारा आहे : विवाहापूर्वींच्या वर्तनाबद्दल समाज मुलीपासून जी शुद्धता मागतो, तीच मुलानेंहि कां पाळूं नये? हा प्रश्न मराठी घरांत, मराठी मुलीच्या तोंडून विचारला जाणें हीच त्या काळीं मोठी गोष्ट होती. नायिका बिंबा हिची भूमिका ज्योत्स्नाबाई भोळे यांनीं केली. त्या मूळच्या गोमंतकांतल्या, आणि वय अवघें एकोणीस वर्षांचें. हिराबाई बडोदेकरांनीं आधींच स्त्रियांस रंगभूमीचा मार्ग मोकळा केला होता. पण येथें स्त्रीचा प्रश्न स्त्रीच मांडीत होती, आणि त्यामुळें शब्दांस निराळेंच वजन आलें.

रंगभूमीचें रूपहि पालटलें. रंगविलेले पडदे जाऊन तीन भिंतींची, दारेंखिडक्या असलेली खरी वाटणारी खोली आली. पात्रें प्रेक्षकांकडे तोंड करून भाषण ठोकण्याऐवजीं एकमेकांशीं बोलूं लागलीं. सर्वांत नाजूक प्रश्न होता तो संगीताचा. गाणें अजिबात काढलें तर मराठी प्रेक्षक रुसणार. ठेवलें तर घरांतील माणसें रागदारी आळवूं लागणार आणि सारी खरेपणाची इमारत ढांसळणार. केशवरावांनीं यांतून जो मार्ग काढला तो फार शहाणपणाचा होता. त्यांनीं पदें मोजकीं ठेवलीं, भावगीतासारखीं आटोपशीर केलीं, आणि ज्या ठिकाणीं त्या पात्रानें गुणगुणणें स्वाभाविक वाटेल तेथेंच घातलीं. उरलेलें काम त्यांनीं पार्श्वसंगीताकडे सोपविलें. गाणें नाटकाचें मालक होतें, तें आतां त्याचें सोबती झालें.

केशवरावांचा पिंड या कामास अनुकूल होता. ते केवळ गवई नव्हते, संगीताचे परखड टीकाकारहि होते. 'एकलव्य' व 'शुद्धसारंग' या टोपणनांवांनीं त्यांनीं थोर गायकांच्या गाण्याची चिकित्सा केली होती. जो दुसऱ्याच्या गाण्यांतील अनावश्यक तान ओळखतो, त्यालाच आपल्या रचनेंतील अनावश्यक तान गाळण्याचें धैर्य होतें.

पहिल्या नाटकाचा बोलबाला झाला, पण पुढील नाटकांस तसें यश लाभलें नाहीं, आणि दोन-तीन वर्षांतच संस्थेचा कारभार आटोपला. कारणें शोधण्यास फार दूर जावयास नको. जुन्या मंडळ्यांप्रमाणें गांवोगांव बिऱ्हाड हालविणारा हा संच नव्हता. पडदा गुंडाळून बैलगाडींत टाकतां येतो, भिंती व सामानसुमान नेतां येत नाहीं. शिवाय त्यांचा प्रश्न, त्यांचें घर, त्यांची भाषा हीं सारीं शहरी मध्यमवर्गाचीं होतीं; खेडोपाडींच्या प्रेक्षकांस त्यांत आपलें तोंड दिसत नव्हतें. परक्या देशांतील नाटकावर पहिली उभारणी झाली, हा आक्षेपहि अगदीं निराधार म्हणतां येणार नाहीं. आणि ज्या बोलपटाशीं नाटकास झुंजावयाचें होतें, त्यानेंच या मंडळींतील गुणी माणसें आपल्याकडे ओढून घेतलीं.

येथेंच या कहाणीचा खरा भाग सुरू होतो. केशवराव पुण्यास प्रभात कंपनींत गेले. १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटास त्यांचें संगीत होतें. १९३७ सालीं इटलींतील व्हेनिसच्या महोत्सवांत त्या चित्रपटाचा गौरव झाला, आणि देहूच्या अभंगांची चाल परदेशच्या रसिकांच्या कानीं पडली. त्याच वर्षींच्या 'कुंकू' चित्रपटांत तर त्यांनीं रूढ पार्श्ववाद्यें जवळजवळ वर्ज्य करून घरांतील स्वाभाविक आवाजांवर भिस्त ठेवली. संगीतानें प्रसंगावर स्वारी करूं नये, प्रसंगांतून उगवावें, हा नाट्यमन्वंतरांतलाच धडा त्यांनीं येथें पुढें गिरविला. विजोड विवाहास मान तुकविण्यास नकार देणारी 'कुंकू'ची नीरा ही बिंबेचीच धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं. काळ्यांनींहि प्रभातमध्यें 'वहां' व 'माझा मुलगा' हे चित्रपट दिग्दर्शित केले. आळतेकरांनीं पुढें तरुणांस नाट्यशिक्षण देण्याचें काम अंगावर घेतलें. आणि १९४२ सालीं मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनानें 'कुलवधू' आणलें, तेव्हां घर सोडून स्वाभिमानानें उभी राहणारी नायिका पुन्हां ज्योत्स्नाबाईच होत्या. थोडीं पदें, थोडा वेळ, खऱ्याखुऱ्या घराचें दृश्य : १९३३ मध्यें जें धाडस वाटलें, तें नऊ वर्षांत मराठी कुटुंबाच्या सवयीचें होऊन गेलें.

म्हणून 'नाट्यमन्वंतर फसलें' असें जे म्हणतात, त्यांस एवढेंच विचारावें कीं, फसलें म्हणजे काय? संस्थेची पाटी उतरली हें खरें. तिला पैसा टिकवितां आला नाहीं, दौरे काढतां आले नाहींत, पहिल्या यशाच्या तोडीचें दुसरें नाटक देतां आलें नाहीं. हे दोष झांकण्याचें कारण नाहीं. त्यांपासून आजच्या हौशी मंडळांनीं शिकण्याजोगेंहि पुष्कळ आहे. पण संस्था माणसांसाठीं असते. त्या माणसांनीं तेथें मिळविलेली दृष्टि बरोबर नेली, आणि जेथें गेलीं तेथें ती पेरली.

प्रत्येक शहरांत, प्रत्येक पेठेंत आजहि चार तरुण एकत्र येतात, कांहीं नवें वाजवितात, नवें लिहितात, दोन वर्षांनीं पांगतात. घरांतील वडील माणसें तेवढ्यावरून 'वेळ फुकट गेला' असा निकाल देऊन मोकळीं होतात. तो निकाल देण्यापूर्वीं थोडा धीर धरावा. त्या चौघांपैकीं एखाद्याच्या कानांत अनावश्यक तान गाळण्याचें धैर्य उतरलें असेल, तर त्याचा उपयोग कोठें व केव्हां होईल हें त्या वेळीं कोणासच सांगतां येत नाहीं. केशवरावांच्या बाबतींत तो पुण्यांत झाला, व्हेनिसपर्यंत पोंचला, आणि ज्या संस्थेंत तो कान तयार झाला तिचें नांव तोंवर बहुतेक लोक विसरूनहि गेले होते.